कॉन्ट्रास्ट हेही औषधच : तंत्रज्ञांचे प्रश्न

प्रश्न : कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना आयोडीनचं कॉन्ट्रास्ट (सीटी स्कॅनमध्ये अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून शिरेत देतात ते औषध) चालत नाही, असं सीनियर सांगतात. खरं आहे का?

नाही. ती ॲलर्जी कोळंबीतल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. या समजापायी गरजेचा सीटी रद्द करू नका. विचारायचं ते वेगळंच: ‘आधी कधी कॉन्ट्रास्ट घेतलं होतं का? तेव्हा काही त्रास झाला का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर रेडिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दम्याचीही चौकशी करा.

प्रश्न : आमच्याकडे कॉन्ट्रास्टची रिॲक्शन आली की आधी ॲव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्ट (स्टेरॉइड) देतात, ॲड्रेनालिन अगदी शेवटी. हे बरोबर आहे का?

चार गांधी उठल्या असतील, तर ॲव्हिल ठीक. पण आवाज घोगरा झाला, दम लागला, बीपी पडलं, तर पहिलं औषध ॲड्रेनालिनच. हायड्रोकॉर्टचा परिणाम दिसायला काही तास जातात, आणि सुजलेला घसा ॲव्हिलने मोकळा होत नाही.

१ मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये १ मिलिग्रॅम ॲड्रेनालिन असतं. प्रौढांना त्यातलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. पाच मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा तेवढंच. हेच ॲम्प्यूल घाईघाईत थेट शिरेत दिलं तर हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात.

औषधाचा हुकूम डॉक्टरांचा. पण इंजेक्टर (कॉन्ट्रास्ट सोडणारं यंत्र) थांबवणं, डॉक्टरांना हाक मारणं, ऑक्सिजन लावणं, पेशंटला आडवं करून पाय उंच ठेवणं हे तुमचं काम. दम लागत असेल तर बसू द्या, मात्र उभं करू नका. व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेली नळी) काढू नका, पुढे तीच लागते. ड्यूटीवर येताच इमर्जन्सी औषधांची ट्रॉली उघडून ॲड्रेनालिन आहे ना आणि त्याची तारीख उलटली नाही ना, हे स्वतः बघा. ट्रॉलीला कुलूप आणि किल्ली दुसऱ्या मजल्यावर, ही व्यवस्था मला मुळीच मान्य नाही. तुमच्याकडे तशी असेल तर आजच विभागप्रमुखांना लेखी कळवा.

प्रश्न : इंजेक्शन चालू असताना पेशंटचा हात सुजला. काय करायचं?

इंजेक्टर लगेच बंद. हात उंच ठेवा, थंड शेक द्या, डॉक्टरांना दाखवा. बोटं बधिर किंवा पांढरी पडली, फोड आले, तर सर्जनना बोलवायला वेळ लावू नका. किती मिली कॉन्ट्रास्ट शिरेच्या बाहेर गेलं असावं, ते नोंदवा. सुरुवातीला सलाईन सोडताना सुईच्या वर बोट ठेवून बघायची सवय लावली, तर असे बरेच प्रसंग टळतात.

प्रश्न : कॉन्ट्रास्ट द्यायचं म्हणून मधुमेहाच्या प्रत्येक पेशंटची मेटफॉर्मिनची गोळी थांबवायची का?

प्रत्येकाची नाही. ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा) ३० च्या खाली असेल किंवा किडनी अचानक बिघडली असेल, तरच. मग ती स्कॅनपासून ४८ तास बंद, आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून डॉक्टर सांगतील तेव्हा सुरू.