डॉक्टरांविरुद्ध दावा : मुदत मोजायची कुठून?

प्रश्न : सव्वातीन वर्षांपूर्वी पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. पोट अधूनमधून दुखायचे. गेल्या महिन्यात सीटी स्कॅनमध्ये आत राहिलेला गॉजचा बोळा दिसला. दोन वर्षांची मुदत संपली म्हणतात. खरे का?

उत्तर : लगेच हार मानू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ६९ वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे देते. पण पोटात राहिलेली वस्तू रुग्णाला दिसत नाही. म्हणून चूक कळली, किंवा कळायला हवी होती, त्या दिवसापासून मुदत मोजली जाते. मेख आहे ती 'कळायला हवी होती' यात. सर्वोच्च न्यायालयाचा २०१०चा एक निकाल असाच आहे. ऑपरेशन १९९३चे, गॉज सापडला २००२मध्ये, तक्रार २००४ची. रुग्ण स्वतः परिचारिका. नऊ वर्षे वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्या, तपास केला नाही, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरली. तेव्हा तुमचे 'अधूनमधून दुखायचे' हे वाक्य समोरचा वकील नक्की पकडणार. त्या काळात कोणाला दाखवले, काय निदान सांगितले, कोणत्या तपासण्या केल्या, याचे चिठोरेसुद्धा शोधून ठेवा. तक्रारीसोबत विलंबमाफीचा अर्जही जोडा. पुरेसे कारण पटले तर ग्राहक आयोग, म्हणजे जिथे ही तक्रार चालते ते न्यायासन, उशीर माफ करू शकतो.

प्रश्न : दीड वर्ष हॉस्पिटलशी पत्रव्यवहार चालू आहे. वकिलांची नोटीसही गेली. त्यामुळे मुदत वाढली ना?

उत्तर : नाही. 'चौकशी चालू आहे' अशा उत्तरांवर विसंबून बसलेली माणसे मी वारंवार पाहतो, आणि दर वेळी चिडचिड होते. पत्राने किंवा नोटिशीने घड्याळ थांबत नाही. तुमच्या हातात जेमतेम सहा महिने उरले असतील. इनडोअर केसपेपरची, म्हणजे भरती असतानाच्या उपचारांच्या नोंदींची, मागणी आजच लेखी करा आणि पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यायचे असतात.

प्रश्न : प्रसूतीच्या वेळी बाळाला इजा झाली. मुलगा आता दोन वर्षांचा आहे. तो अठराचा होईपर्यंत थांबता येते असे ऐकले.

उत्तर : दिवाणी दाव्यापुरते ते बरोबर आहे. १९६३च्या मुदत कायद्यात अज्ञानाला, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलाला, सज्ञान झाल्यावर साधारण तीन वर्षे मिळतात. पण ही सवलत मुलाची आहे, तुम्ही केलेल्या खर्चाच्या दाव्याची नाही. शिवाय त्याच २००२च्या नियमांत भरती रुग्णाची कागदपत्रे जपण्याची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांचीच आहे. सोळा वर्षांनी कोर्टात दाखवणार काय? पालक म्हणून मुलाच्या वतीने आताच दावा करता येतो, तोच करा.

प्रश्न : सरकारी रुग्णालयात फुकट उपचार झाले, पाय कायमचा अधू झाला. ग्राहक आयोगात जाता येईल?

उत्तर : जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते ती रुग्णालये सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालाने ग्राहक कायद्याबाहेर आहेत. तुम्हाला दिवाणी न्यायालयात जावे लागेल. तिथे साधारण तीन वर्षांची मुदत धरतात. मात्र सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि हा नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो. वर सांगितलेल्या वकिली नोटिशीला हा लाभ नाही.