पंप बसला, पुढे काय?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

छोटा उदेपूरकडच्या बंद सौरपंपांची दुरुस्ती गावातल्याच मुलींना शिकवायची, या तुझ्या प्रस्तावावर परीक्षकांचा ‘यात नवं काय?’ एवढा शेरा आला आणि तू लगेच एआयकडे वळायला निघालीस. एका शेऱ्यानं?

नवं काय ते ऐक. पूर्वी आपल्या खेड्यांत बिडाचे हातपंप होते, परदेशातल्या एकेका शेतकरी कुटुंबासाठी आखलेल्या पंपांच्या नकला. ते अख्खं गाव दिवसभर हापसायचं, मोडणारच. जालना-सोलापूरकडे मिशनच्या लोकांनी पोलादी, दणकट पंप केले. त्या सोलापूर पंपावरून सत्तरच्या दशकात, युनिसेफच्या मदतीनं, ‘इंडिया मार्क टू’ घडला. पेटंट कुणाचंच नाही, त्यामुळे कितीतरी कारखान्यांनी तो बनवला. तरी आतला वायसर बदलायचा तर सगळे पाइप वर काढावे लागत. त्याला बाहेरून गाडी आणि माणसं यायला हवीत. मग मार्क थ्रीमध्ये उभा पाइप रुंद केला. दट्ट्या पाइपातूनच वर ओढता येऊ लागला आणि बरीचशी दुरुस्ती गावातल्या गावात शक्य झाली. पाइपाचा व्यास वाढवला, बस्स. याला नवं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

वापरणाऱ्याला दुरुस्त करता येत नाही, ते तंत्रज्ञान त्याचं नव्हेच. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार, तुला कंटाळा आला तरी.

2013 च्या विज्ञान धोरणात संशोधनावर जीडीपीच्या 2 टक्के खर्चाचं उद्दिष्ट होतं. 2020-21 मध्ये आपण 0.64 वर होतो. टक्का वाढायलाच हवा, त्यासाठी भांडणाऱ्यांत मीही आहे. पण वाढलेला पैसा उद्घाटनाच्या फितीपाशीच संपणार असेल, तर गावाच्या हाती काय लागलं? सुटे भाग कुठे मिळणार, कंट्रोलर जळला तर कोण उघडणार, त्याचे पैसे कोण देणार? हे धोरणात नसेल, तर त्यात सामाजिक विकास कुठे शोधायचा? वापरणाऱ्याला दुरुस्त करता आलं पाहिजे.

बडोद्याच्या ज्या कलाभवनात तू शिकतेस ते सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलं, त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिलं. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवायला. संस्थानात यंत्रं येणार तर ती हाताळणारे हात इथलेच हवेत, हे त्या काळी कळलेलं होतं. तुझ्या परीक्षकांना आज का कळू नये?

मी नोकरीत असताना गावात शिकवलेला माणूस आणि सुट्या भागांची पेटी असल्याशिवाय ‘काम पूर्ण’च्या दाखल्यावर सही करत नसे. मला अडेलतट्टू म्हणाले. बढती अडली, बदल्या झाल्या, तुझ्या काकूनं त्यात फार सोसलं. तरी सांगतो, ती सही न करणं बरोबरच होतं. मी नियमाला धरून होतो असं नाही. तसा नियमच नव्हता, तो असायला हवा होता. दाखल्यावर त्यासाठीचा रकाना मी निवृत्त होईपर्यंत आला नाही, ही खंत जात नाही. म्हणून तुझा प्रस्ताव वाचून मला इतका आनंद झाला होता, आणि म्हणून आज इतका राग आलाय.

सेन्सर लाव, हवं तर. पण तो बिघडला तर गावातली कुठली मुलगी उघडेल, हे आधी लिही. प्रस्ताव मागे घेऊ नकोस. कुठला पंप कधी बंद पडला, कशामुळे आणि किती दिवस बंद राहिला, एवढा तक्ता जोड आणि रविवारी सकाळी रावपुऱ्यात घरी ये. खर्चाचं पान मी तपासतो.

तुझा,
काका