एक विषय, पंधरा दिवस

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेचं शिक्षण मातृभाषेतून झालं. इंग्रजी वाचलेलं बऱ्यापैकी कळतं, व्याकरणात गुणही चांगले पडतात. पण गटचर्चेत किंवा मुलाखतीच्या सरावात तोंडातून वाक्यच फुटत नाही. रोज अग्रलेख वाचून नवे शब्द वहीत उतरवते, आठवड्याभरात त्यातले निम्मेही आठवत नाहीत. आमच्या सरांनी सुचवलं की, इंग्रजी बोलणाऱ्या देशांतले सण, ऋतू आणि चालू घडामोडी यांच्या आधाराने शीक. बाबांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. ‘हॅलोविनची माहिती असून नोकरी मिळणार आहे का?’ असं ते विचारतात. मी काय करू?

उत्तर : सरांचा सल्ला चांगला आहे आणि तू तो मनापासून पाळावास असं मला वाटतं. बाबांची शंकाही गैर नाही. या पद्धतीच्या नावाखाली पुष्कळदा शब्दकोडी सोडवणं आणि चित्रं रंगवणं एवढंच होतं. लहान मुलांना ते ठीक आहे. तुला सणांकडून हवंय ते वेगळंच : एकाच विषयावर बरेच दिवस टिकून राहायचं निमित्त.

तुझ्या अग्रलेखांचंच बघ. सोमवारी व्याजदर, मंगळवारी न्यायालयाचा निकाल, बुधवारी निवडणूक. रोज विषय नवा, म्हणून शब्दही नवे, आणि कालचे शब्द आज कुठेच भेटत नाहीत. ते विसरले जाणारच. यात तुझ्या स्मरणशक्तीचा दोष नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी १९८१ मध्ये ‘नॅरो रीडिंग’चा आग्रह धरला होता. सुरुवातीलाच चौफेर वाचत सुटू नये, एकाच विषयावरचं किंवा एकाच लेखकाचं भरपूर वाचावं, असं त्यांचं म्हणणं. विषय ओळखीचा झाला की पुढचा मजकूर सोपा जातो आणि तेच शब्द निरनिराळ्या वाक्यांतून भेटत राहतात. सण जवळ आला की हे आपोआप घडतं. बातम्या, जाहिराती, भाषणं, मुलांच्या गोष्टी, सरकारी सूचना असं सगळं काही दिवस त्याच विषयाभोवती फिरू लागतं.

ब्रिटनमधली ५ नोव्हेंबरची रात्र घे. १६०५ मध्ये राजासकट संसद उडवून देण्याचा कट फसला आणि संसदेच्या इमारतीखाली दारूगोळ्याच्या पिंपांपाशी गाय फॉक्स पकडला गेला. त्याची आठवण म्हणून आजही तिथे बॉनफायर, म्हणजे मोठी शेकोटी, पेटवतात, आतषबाजी करतात. यावर आधी शाळकरी मुलांसाठी लिहिलेली हकिकत वाच. सबंध गोष्ट भूतकाळात सांगितलेली सापडेल. मग अग्निशमन दलाच्या फटाक्यांबाबतच्या सूचना वाच. तिथे सगळी वाक्यं आज्ञार्थी. मग फटाक्यांच्या आवाजाने पाळीव प्राण्यांना होणारा त्रास आणि विक्रीवर बंधनं आणण्याची मागणी यावरच्या बातम्या वाच. तिथे आरोप, खुलासे, आकडे, ‘असं व्हायला हवं’, ‘असं होऊ शकतं’ ही भाषा. विषय एकच, पण लिहिण्याच्या तीन तऱ्हा तुझ्या डोळ्यांखालून गेल्या. ‘प्लॉट’ (कट), ‘ट्रीझन’ (राजद्रोह), ‘कन्स्पिरसी’ (कारस्थान) हे शब्द एकदा या गोष्टीतून मनात बसले की राजकारणाच्या बातम्यांत ते पुन्हा पुन्हा भेटतील आणि तेव्हा कोश उघडावा लागणार नाही.

माझा सगळ्यात जास्त भर मात्र अशा दिवसांवर राहील, ज्यांच्याबद्दल त्या समाजातच मतभेद आहेत. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, म्हणजे आभार मानण्याचा सण, असतो. लिंकन यांनी १८६३ मध्ये त्याची राष्ट्रीय घोषणा केली आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला. पण १९७० पासून त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ इथे मूलनिवासी अमेरिकी लोक ‘राष्ट्रीय शोकदिन’ पाळतात. ऑस्ट्रेलियात २६ जानेवारीबद्दल असाच वाद आहे. १७८८ मध्ये ब्रिटिश वसाहत सुरू झाली तो दिवस कुणासाठी राष्ट्रदिन, तर तिथल्या अनेक मूलनिवासींसाठी आक्रमणाचा दिवस. दोन्ही बाजूंचे लेख वाच आणि मान्य करणं, अंशतः मान्य करणं, हरकत घेणं, दुसऱ्याचं म्हणणं मांडून मग आपलं सांगणं ही वाक्यं त्यातून वेगळी काढ. गटचर्चेत तू गप्प बसतेस ती बहुधा याच वाक्यांवाचून. नुसत्या शुभेच्छापत्रांतून ती कधीच मिळणार नाहीत. शिवाय एखाद्या समाजाचे सण समजून घ्यायचे तर त्यातलं दुःखही समजून घ्यायला हवं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

ऐकण्यासाठी ब्रिटनच्या राजाचं नाताळचं भाषण उत्तम आहे. ही प्रथा १९३२ मध्ये पाचव्या जॉर्जच्या काळात रेडिओवर सुरू झाली. भाषण काही मिनिटांचंच असतं, उच्चार स्वच्छ असतात, मजकूरही उपलब्ध होतो. आधी वाच, मग मजकूर समोर ठेवून ऐक, मग न बघता ऐक. शेवटी थांबवत थांबवत त्यांच्याबरोबर मोठ्याने बोल.

चालू घडामोडींचंही हेच तंत्र, फक्त ज्यांची वेळ आधी ठाऊक असते अशा घडामोडी निवड. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नोबेल पुरस्कार जाहीर होतात, १० डिसेंबरला ते दिले जातात. विज्ञानाच्या पुरस्कारांबरोबर सर्वसामान्य वाचकांसाठी सोप्या इंग्रजीत टिपणही प्रसिद्ध होतं. अमेरिकेतलं अध्यक्षपदाचं मतदान दर चार वर्षांनी, नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी. ऑलिंपिक आणि हवामान परिषदांच्या तारखाही आधीपासून माहीत असतात. आठ-दहा दिवस आधी त्या विषयाचं वाचन सुरू केलंस की प्रत्यक्ष बातमी कानावर पडेल तेव्हा बरेचसे शब्द ओळखीचे असतील. अचानक घडलेल्या घटनेत ही सोय नसते, म्हणून तिथून सुरुवात करू नकोस.

आता तुझी खरी अडचण, बोलणं. आयेल्ट्‌स या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या तोंडी भागात एका विषयावर तयारीला एक मिनिट आणि बोलायला दोन मिनिटांपर्यंत वेळ देतात. परीक्षा द्यायची नसली तरी हे माप उचल. विषय हाती घेतलास की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर दोन मिनिटं बोल आणि फोनवर रेकॉर्ड कर. आठवड्याने पुन्हा, पंधराव्या दिवशी पुन्हा. कागदावर लिहून पाठ केलेलं नको. पाठांतर मुलाखतीत लगेच ओळखू येतं. आणि परदेशी सणांइतकाच सराव तुझ्या घरच्या सणाबद्दल, ज्याला त्यातलं काहीच माहीत नाही अशा माणसाला सांगायचा कर. ते वाटतं त्याहून अवघड असतं.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर असं. एका सणाच्या माहितीवर नोकरी मिळत नाही हे खरं. पण भाषांतर, अध्यापन, पर्यटन, निर्यात, जाहिरात, ग्राहकसेवा या सगळ्या कामांत समोरच्या देशाचं वर्ष कसं चालतं हे ठाऊक असणाऱ्या माणसाची किंमत असते. कॅनडात थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो, अमेरिकेत त्यानंतर महिन्याहून अधिक काळाने. मातृदिन अमेरिकेत मेच्या दुसऱ्या रविवारी, ब्रिटनमध्ये ईस्टरच्या आधी तीन आठवडे. ऑस्ट्रेलियात नाताळ भर उन्हाळ्यात. जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्याने यात गल्लत केली तर सगळी मोहीम चुकीच्या आठवड्यात जाते. २६ डिसेंबरला, ‘बॉक्सिंग डे’च्या सुट्टीत, लंडनच्या कार्यालयातून पत्राचं उत्तर का येत नाही, हेही कामावर रुजू होण्याआधी माहीत असलेलं बरं.

व्याकरणाचं पुस्तक मात्र टाकू नकोस. रेकॉर्डिंग ऐकताना जी चूक सतत ऐकू येईल, तेवढाच धडा त्या आठवड्यात काढ. बाकीचे धडे पुन्हा गिरवायची तुला गरज दिसत नाही.

दर महिन्याला एक सण आणि एक घडामोड, प्रत्येकी पंधरा दिवस, एवढं पुरेल. शब्दांची वही विषयवार कर आणि प्रत्येक शब्दासमोर तो जिथे भेटला ते पूर्ण वाक्य लिही. पहिलं रेकॉर्डिंग कितीही अडखळतं झालं तरी पुसू नकोस. तीन महिन्यांनी पहिलं आणि शेवटचं अशी दोन्ही बाबांना ऐकव, आणि मलाही पाठव. त्यावरून पुढे कोणत्या क्षेत्राची तयारी करायची ते ठरवू.