वाड्याला ओसरी का सापडत नाही? डीएनएसची प्रश्नोत्तरे

डीएनएस म्हणजे नावावरून मशीनचा आयपी पत्ता सांगणारी सोय. तिच्यात पॅरेंट डोमेनला (वरच्या नेटवर्कला) चाइल्ड डोमेन (त्याच्या पोटातलं) सापडत नाही, नाहीतर चाइल्डला पॅरेंट. या एकाच तक्रारीची पत्रं इतकी साचली आहेत की या खेपेला दुसरा विषयच घेतलेला नाही. लिहिणारे जवळजवळ सगळे विंडोज सर्व्हरवर ॲक्टिव्ह डिरेक्टरी (युझर आणि मशीनची मध्यवर्ती नोंदवही) चालवतात, म्हणून उत्तरंही तेवढ्यापुरतीच. ऑफिसांची खरी डोमेन नावं छापायची नाहीत, तेव्हा पॅरेंट म्हणजे वाडा.लॅन आणि चाइल्ड म्हणजे ओसरी.वाडा.लॅन असं सगळीकडे धरा.

प्रश्न : ओसरीतल्या पीसीवर नुसतं ‘टॅली१’ टाइप केलं की वाड्यातला सर्व्हर मिळतो. वाड्यातून मात्र ओसरीतला ‘फाइल२’ पूर्ण नाव दिल्याशिवाय मिळत नाही. काय बिघडलंय?

उत्तर : काहीही नाही. विंडोज आधी स्वतःच्या डोमेनचं नाव जोडून बघतं, नाही जमलं तर वरच्या डोमेनचं. ते वर चढतं, खाली उतरत नाही. पूर्ण नाव वापरा, किंवा ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या पीसींना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमधून) सफिक्स सर्च लिस्ट, म्हणजे नावामागे जोडून बघायच्या डोमेनांची यादी, द्या. यादी दिली की हे आपोआप वर चढणं बंद होतं, म्हणून तिच्यात दोन्ही डोमेन लिहा.

प्रश्न : पिंग लागतो, पण एनएसलुकअप म्हणतो असं नावच नाही. कोणाचं खरं?

उत्तर : एनएसलुकअपचं. पिंग होस्ट्स फाइल (पीसीवर हाताने लिहिलेली नावांची यादी) बघतो, पीसीचा कॅश (आधीची साठवलेली उत्तरं) बघतो, वेळ पडली तर नेटबायोसलाही (नावं शोधायची जुनी पद्धत) विचारतो. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो. फक्त नावाच्या शेवटी टिंब द्या, नाहीतर तो आपल्या मनाने मागे सफिक्स चिकटवेल आणि तुम्ही भलत्याच उत्तरावर डोकं खाजवत बसाल.

प्रश्न : ओसरीच्या डोमेन कंट्रोलरच्या (डीसी, म्हणजे डोमेन सांभाळणारा सर्व्हर) नेटवर्क कार्डात दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ आहे. व्हेंडर म्हणतो, सेफ्टीसाठी असू दे.

उत्तर : काढा. आजच. पहिला सर्व्हर क्षणभर गप्प बसला की विंडोज दुसऱ्याकडे जातं. गूगलच्या त्या सर्व्हरला तुमच्या वाड्याची गंधवार्ता नाही, तो सरळ ‘असं नाव नाही’ म्हणतो. विंडोजच्या लेखी हेही उत्तरच, त्यामुळे ते पहिल्याला पुन्हा विचारायला जात नाही. बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता डीएनएस सर्व्हरच्या फॉरवर्डरमध्ये (स्वतःला ठाऊक नसलेलं नाव कोणाला विचारायचं, त्या नोंदीत) असावा. कार्डात फक्त आपलेच डीसी. ही कसली सेफ्टी, हे त्या व्हेंडरलाच विचारा.

प्रश्न : ओसरीचा फॉरवर्डर वाड्याकडे आहे. तसाच वाड्याचा ओसरीकडे लावून टाकला तर दोन्ही बाजू सुटतील ना?

उत्तर : नाही, अडकतील. कोणालाच ठाऊक नसलेलं नाव आलं की दोघं ते एकमेकांकडे टोलवत बसतील. खालून वर फॉरवर्डर, वरून खाली डेलिगेशन (तो भाग दुसऱ्या सर्व्हरच्या ताब्यात दिल्याची नोंद). एवढं पाठ करा.

प्रश्न : वाड्याच्या सर्व्हरवर ओसरीसाठी कंडिशनल फॉरवर्डर (एकाच डोमेनपुरता फॉरवर्डर) टाकला, तरी ‘नाव नाही’ हेच उत्तर. सर्व्हिस दोनदा रिस्टार्ट केली.

उत्तर : दहादा केली तरी तेच. वाडा.लॅनचा झोन (त्या डोमेनच्या नावांची वही) ज्या सर्व्हरवर आहे, तो त्या नावाखालच्या सगळ्याचा मालक स्वतःला समजतो. त्याच्या वहीत ओसरीची नोंद नाही म्हणजे ओसरी अस्तित्वातच नाही, मग तो फॉरवर्ड कशाला करेल? आधी त्याला सांगावं लागतं की हा भाग दुसऱ्याच्या ताब्यात दिलाय. ते सांगणं म्हणजेच डेलिगेशन. ते करायला पॅरेंटच्या बाजूचे अधिकार लागतात. चाइल्डचा डोमेन ॲडमिन असून भागत नाही, म्हणून वरच्या ॲडमिनशी बोलून घ्या. परस्पर उद्योग नकोत.

प्रश्न : वाड्यातून ओसरीतला सर्व्हर कधी चटकन उघडतो, कधी अडखळतो. दुसऱ्यांदा केलं की होतं. दिवसातून चार-पाच वेळा हा प्रकार. मध्यंतरी ओसरीतला एक जुना डीसी बंद करून नवा बसवला, पण त्याला आता तीन महिने झाले.

उत्तर : तीन महिने झाले म्हणून त्याचा संबंध नाही, असं तुम्हाला वाटतंय. संबंध त्याचाच आहे. हा माझा जुना दुखरा विषय, त्यामुळे इथे थोडं लांबण लागणार.

डेलिगेशन म्हणजे वाड्याच्या वहीत लिहिलेल्या दोन-चार ओळी : ओसरीची चौकशी अमुक सर्व्हरकडे करा आणि त्याचा आयपी हा. या ओळी आपोआप बदलत नाहीत. ओसरीत सर्व्हर बदलला की ओसरीच्या झोनमधली एनएस रेकॉर्ड (नेम सर्व्हर कोणते, याच्या नोंदी) बदलतात, पण वाड्याच्या वहीतली ओळ तशीच राहते. डीसी रीतसर डिमोट केला (डीसीच्या कामातून मोकळा केला) तर विझार्ड डेलिगेशन काढायचं का, हे विचारतो. पण आपल्याकडे सर्व्हर रीतसर जातो कधी? हार्ड डिस्क बसते, रात्रीत नवा उभा राहतो, सकाळी सगळ्यांचं लॉगिन होतं आणि वरच्या ऑफिसला कोणी कळवत नाही. घर बदललं, पोस्टाला सांगितलंच नाही.

आता तुमचं अडखळणं. वाड्याकडे ओसरीचे दोन पत्ते आहेत, एक जिवंत, एक मेलेला. मेलेल्याला विचारलं की वाट बघणं आलं. एनएसलुकअप २ सेकंद थांबून ‘टाइम्ड आउट’ म्हणतो, तो हाच क्षण. तोवर वाड्याचा सर्व्हर जिवंताकडे वळलेला असतो आणि उत्तर कॅशमध्ये पडलेलं असतं, म्हणून दुसऱ्यांदा चटकन उघडतं. विंडोज मशीनने स्वतः नोंदवलेल्या रेकॉर्डची मुदत सहसा २० मिनिटं. ती संपली की पुन्हा चौकशी, पुन्हा कधीतरी मेलेल्याच दाराशी. ‘आपोआप बरं झालं’ असं लोक म्हणतात ते या कॅशच्या जिवावर.

एका संस्थेत मी स्वतः पाहिलेलं सांगतो. जुन्या डीसीचा आयपी मोकळा झाला म्हणून कोणीतरी तो बायोमेट्रिक हजेरीच्या मशीनला देऊन टाकला होता. मुख्य ऑफिसचा सर्व्हर कित्येक आठवडे त्या अंगठा घेणाऱ्या डब्याला विचारत होता, ‘अकाउंट्सचा सर्व्हर कुठंय?’ दरम्यान त्यांनी लीज्ड लाइन वाढवून घेतली, स्विच बदलले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तपासायचं असं. वाड्याच्या डीएनएस कन्सोलमध्ये वाडा.लॅन उघडा. ‘ओसरी’ नावाचं फोल्डर करड्या रंगाचं दिसलं तर ते डेलिगेशन. पिवळं असेल तर ते साधं फोल्डर, म्हणजे ओसरीची नावं वाड्याच्याच झोनमध्ये कोणीतरी भरून ठेवली आहेत. तो घोळ वेगळा. करड्याच्या प्रॉपर्टीजमध्ये नेम सर्व्हर्सची यादी असते. तिच्यातल्या प्रत्येक आयपीला एनएसलुकअपने वेगवेगळं विचारा. नुसत्या पिंगवर विसंबू नका, हजेरीचं मशीनही पिंगला उत्तर देतं. शिवाय डीसीडायगच्या (डीसी तपासणारी विंडोजची कमांड) डीएनएस चाचणीत डेलिगेशनसाठी वेगळा पर्याय आहे, तो चालवा.

मेलेली ओळ काढणं हे मिनिटाचं काम. पण ती खरंच मेलेली आहे ना, हे ओसरीच्या ॲडमिनला फोन करून विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि आधी सिस्टिम स्टेटचा बॅकअप घ्या. चाइल्डमधले सर्व्हर वारंवार बदलत असतील तर वाड्यावर ओसरीचा स्टब झोन ठेवता येतो. विंडोज सर्व्हर २००३ पासून ही सोय आहे. तो ओसरीकडून एनएसची यादी स्वतः आणत राहतो. मात्र ज्यांच्याकडून तो यादी आणतो तेच सगळे सर्व्हर बदलले तर त्याचंही काही चालत नाही. म्हणजे फोन करणं चुकत नाहीच.

प्रश्न : तोवर होस्ट्स फाइलमध्ये नावं टाकून ठेवू का?

उत्तर : नको. पुढच्या माणसाला ती कधीच सापडत नाही.

प्रश्न : बदल केला. डीएनएसला ४८ तास लागतात, म्हणून वाट बघतोय.

उत्तर : हे ४८ तासांचं प्रकरण इंटरनेटवरच्या डोमेनांबद्दल ऐकलेलं, आणि तिथेही ते अर्धवटच. तुमच्या ऑफिसात वेळ कशाला लागतो ते मोजता येतं. एका साइटमध्ये (एका जागच्या नेटवर्कमध्ये) रेप्लिकेशन, म्हणजे एका डीसीवरचा बदल दुसऱ्यावर जाणं, साधारण मिनिटाच्या आत होतं. दोन साइटमध्ये साइट लिंकचा मूळ अवधी १८० मिनिटं. रेप्लिकेट झालेला बदल डिरेक्टरीतून उचलायला डीएनएस सर्व्हरला आणखी ३ मिनिटांपर्यंत लागतात. डेलिगेशनच्या ओळींची मुदत कोणी बदलली नसेल तर १ तास. ‘नाव नाही’ हे उत्तरही कॅश होतं, म्हणून सर्व्हरचा कॅश आणि पीसीचा कॅश दोन्ही साफ करून मग तपासा. अर्ध्या दिवसात जमलं नाही तर ते दोन दिवसांत जमणार नाही. वाट बघू नका, जाणत्या माणसाला बोलवा.

प्रश्न : छोटी नावं सुटतात, पण काही चौकश्या अर्ध्यावर तुटतात. दोन ऑफिसांमध्ये फायरवॉल आहे.

उत्तर : डीएनएसची चौकशी पोर्ट ५३ वरून यूडीपी आणि टीसीपी अशा दोन पद्धतींनी जाते. तुमच्याकडे तो यूडीपीवर उघडलाय, टीसीपीवर बंद असणार. मोठं उत्तर टीसीपीवरून येतं. दोन्ही उघडा. फायरवॉल ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

प्रश्न : एएमसीवाले म्हणतात चाइल्ड डोमेन करप्ट झालंय, काढून नव्याने बनवावं लागेल. नव्या सर्व्हरचं कोटेशनही दिलंय.

उत्तर : डोमेन काढलं की युझर, ग्रुप, परवानग्या सगळं गेलं. नाव तेच ठेवलं तरी नव्या खात्यांची ओळख वेगळी असते, जुन्या फोल्डरांवर ती चालत नाहीत. त्यांना एवढंच म्हणा : डीसीडायगचा रिपोर्ट दाखवा आणि करप्ट झालेलं नेमकं काय, त्यावर बोट ठेवा. रिपोर्ट आला तर तो या व्यवहारात ज्याचं कमिशन नाही अशा माणसाला दाखवा. नाही आला तर कोटेशनवर सही करू नका.