बॅटरी बदलण्याआधी रेंज बघा

मोबाइलची बॅटरी आणि नेटवर्कच्या सेटिंग्ज या विषयावर आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : फोन ५,००० एमएएचचा, वर्षभर जुना. सुट्टीच्या दिवशी घरी रात्रीपर्यंत आरामात चालतो. कामाच्या ठिकाणी (तळमजल्यावरचं गोडाऊन, वर पत्रा) दुपारी चारलाच १५ टक्क्यांवर येतो. तिथे तर मी फोन कमीच वापरतो. दुरुस्तीवाला म्हणतो बॅटरी बदला. बदलू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : इतक्यात नको. बॅटरी गेली असती तर ती घरीही टिकली नसती. संशय घ्यायचा तर आधी त्या पत्र्यावर घ्या.

फोन आणि टॉवर यांचं बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं. टॉवरला विजेची ददात नाही, फोनला मात्र उत्तर द्यायचं तर पदरच्या बॅटरीतून द्यावं लागतं. ते किती जोरात द्यायचं, हे टॉवर सांगत राहतो. रेंज चांगली असेल तर एक मिलिवॉटच्याही आत भागतं. रेंज घसरत गेली की फोन जोर वाढवत जातो, तो ४जीच्या नेहमीच्या कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे २०० मिलिवॉटपर्यंत. हे झालं अँटेनातून बाहेर पडणाऱ्या ताकदीचं. तेवढी ताकद काढायला आतला अँप्लिफायर बॅटरीतून त्याच्या कित्येक पट ओढतो आणि उरलेल्याची उष्णता होते. काहीच न करता फोन खिशात गरम लागतो तो यामुळे. त्यातच कमी रेंजमध्ये वेग पडतो, चुकलेला डेटा पुन्हा पाठवावा लागतो, आणि जो फोटो दोन सेकंदांत जायचा त्याला वीस सेकंद लागतात. रेडिओ तितका वेळ पूर्ण जोरात चालू. तुम्ही फोन हातात घेतला नाही तरी व्हॉट्सअ‍ॅप, मेल, फोटोंचा बॅकअप यांचं येणं-जाणं मागे चालूच असतं.

वरच्या दांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. खरा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) मिळतो. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस, सिग्नल स्ट्रेंग्थ असं जा. सॅमसंगमध्ये अबाउट फोनच्या आत स्टेटस इन्फर्मेशन उघडावं लागतं. आयफोनवर डायल करायच्या जागी *३००१#१२३४५#* दाबून कॉलचं बटण दाबलं की फील्ड टेस्ट उघडते, त्यात आरएसआरपी (टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद) हा आकडा पाहा.

आकडा उणे असतो, त्यामुळे शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ९० किंवा त्याहून बरा असेल तर चिंता नाही. उणे १०० ते ११० ला काम चालतं, पण बॅटरी बोलू लागते. उणे ११५ च्या खाली गेलात तर फोन सतत झुंजतोय असं समजा. दहा डीबीचा फरक म्हणजे दहा पट, हे लक्षात ठेवा. समजा, गोडाऊनच्या आत उणे ११७ आणि दाराशी उणे १०२ आहे. फरक पंधराचा, म्हणजे दाराशी ठेवलेल्या फोनला साधारण तीसपट कमी जोर लावून भागेल. टेबल चार पावलं सरकवण्याइतका सोपा उपाय दुसरा नाही. आकडा लगेच बदलत नाही, नव्या जागी अर्धा-एक मिनिट थांबून मगच वाचा.

टेबल हलत नसेल आणि तिथे वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंग सुरू करा. जिओ आणि एअरटेलकडे ही सोय २०१९-२० पासून आहे. मग एअरप्लेन मोड लावून वाय-फाय तेवढं परत चालू करायचं. मोबाइलचा रेडिओ पूर्ण बंद राहतो आणि कॉल वाय-फायवरून येतात-जातात. मात्र असं करण्याआधी एकदा दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल लावून आणि एखादा ओटीपी मागवून खात्री करून घ्या. काही फोनवर एसएमएस अडकून राहतात, आणि ते नेमकं बँकेच्या कामाच्या वेळी कळतं.

वाय-फायही नसेल तर सहकाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम आपल्या फोनमध्ये घालून त्याच टेबलावर आकडा पाहा. फरक मोठा असेल तर पोर्ट हा शब्द इंग्रजीत, पुढे जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. हे सगळं करून झाल्यावरही घरी आणि कामावर दोन्हीकडे बॅटरी टिकेना, तर दुरुस्तीवाल्याचं ऐका.

प्रश्न : ५जी चालू ठेवलं की बॅटरी उतरते हे खरं की अफवा? आमच्या घरात ५जी आणि ४जी अशी अदलाबदल दिवसभर चालू असते.
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ५जीने बॅटरी खाल्लीच पाहिजे असं नाही, पण तुमच्या घरात ती खात असणार. कारण ती अदलाबदल.

भारतात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं ते दोन तऱ्हांनी. जिओने सुरुवातीपासून स्वतंत्र ५जी उभं केलं. एअरटेलने आधीच्या ४जीच्या आधारावर ५जी चढवलं. या दुसऱ्या प्रकारात डेटा चालू असताना फोनला ४जी आणि ५जी दोन्ही दुवे एकदम सांभाळावे लागतात, म्हणजे खर्चही दोन्हीचा. शिवाय ५जीच्या ३,५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी भिंतीतून फारशा आत शिरत नाहीत. गॅलरीत ५जी आणि स्वयंपाकघरात ४जी, हा प्रकार त्यामुळेच. सीमेवर बसलेला फोन पुन्हा पुन्हा शेजारचे टॉवर मोजतो, जोडतो, तोडतो, परत ४जीवर येतो. यात तुमच्या हाती काही लागत नाही.

घरात ४जीवर मुक्काम करा. सेटिंग्ज, मोबाइल नेटवर्क, आपलं सिम, प्रिफर्ड नेटवर्क टाइप. तिथे ५जी नसलेला पण ४जीबरोबर ३जी-२जी असलेला पर्याय निवडा. आयफोनमध्ये मोबाइल सर्व्हिसच्या आत व्हॉइस अँड डेटा आहे. तिथलं ५जी ऑटो गरज नसताना आपणहून ४जीवर येतं. बहुतेकांना तेवढं पुरतं, ५जी ऑन मात्र ठेवू नका.

दोन गोष्टी सांभाळा. काही प्लॅनमध्ये अमर्याद डेटा फक्त ५जीवर असतो. ४जीवर आलात की रोजच्या दीड-दोन जीबीतून वजावट सुरू होते. दुसरं, *#*#४६३६#*#* वरून उघडणाऱ्या मेनूत फक्त एलटीई (म्हणजे ४जी) निवडायचा सल्ला बराच फिरतो. ज्या सिमवर किंवा फोनवर व्होल्टी (४जीवरून कॉल करण्याची सोय) चालू नाही, तिथे या सेटिंगने कॉलच बंद पडतात. ‘फक्त २जी ठेवा, बॅटरी दुप्पट चालेल’ हा त्याचाच थोरला भाऊ. जिओला २जी नाहीच, त्यामुळे ते सिम मुकं होतं. इतर सिमवर स्टँडबायला किंचित वाचेल, पण नेट इतकं रांगेल की वाचलेलं सगळं तिथेच जाईल.

जिथे ५जी दणदणीत आहे आणि मोठी फाइल उतरवायची आहे तिथे ५जी खुशाल वापरा. काम झटकन संपतं आणि रेडिओ लवकर झोपतो.

प्रश्न : रात्री वाय-फाय बंद करून झोपावं का? चालू ठेवलं तर सकाळपर्यंत १०-१२ टक्के जातात.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : वाय-फाय बंद केल्यावर मोबाइल डेटा चालू राहणार असेल तर उलटंच होईल. मागची कामं थांबत नाहीत, फक्त रस्ता बदलतात, आणि मोबाइलचा रस्ता सहसा महाग. डेटाचं काम संपल्यावरही ४जीचा रेडिओ लगेच झोपत नाही. नेटवर्कच्या मांडणीनुसार साधारण दहा सेकंद जागा राहतो. दर दोन मिनिटांनी एखादा छोटा निरोप आला तरी प्रत्येक वेळी ही शेपटी आलीच. वाय-फायची शेपटी पुष्कळ आखूड असते.

पण आठ तासांत १२ टक्के जास्तच झाले. ५,००० एमएएचच्या बॅटरीचा एक टक्का म्हणजे ५० एमएएच, म्हणजे रात्रभरात तुमचे ६०० एमएएच जातात. झोपलेल्या फोनने इतकं खाऊ नये. शोधायची पद्धत अशी : दोन रात्री वाय-फाय चालू आणि मोबाइल डेटा बंद, दोन रात्री उलट, दोन रात्री एअरप्लेन मोड. झोपतानाचा आणि उठतानाचा टक्का लिहून ठेवा, आणि सुरुवात रोज साधारण सारख्याच टक्क्यावरून करा. एअरप्लेन मोडमध्येही १० टक्के गेले तर दोष नेटवर्कचा नाही. एखादं अ‍ॅप किंवा बॅटरीच. त्यात दोन टक्के आणि वाय-फायवर बारा, असं निघालं तर पुढचं वाचा.

अंथरुणापर्यंत वाय-फाय कसं पोचतंय ते पाहा. उणे ६७ पर्यंत छान, उणे ७५ च्या खाली फोन धडपडतो. राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पोचत नसेल तर रात्रीपुरतं २.४ ला जोडा, भिंती त्याला कमी अडवतात. मग राउटर. राउटर सहसा सेकंदाला सुमारे दहा वेळा हाक देतो आणि त्यातल्या ठरावीक हाकांना झोपलेल्या फोनलाही डोळे उघडावे लागतात. किती हाकांनी एकदा, ते डीटीआयएम नावाच्या आकड्यावर ठरतं. तो १ असेल तर फोन प्रत्येक हाकेला उठतो, ३ असेल तर तिसऱ्या. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ उघडा (राउटरच्या बुडाला छापलेलं असतं), वायरलेसच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात डीटीआयएम इंटरव्हल २ किंवा ३ करा, बीकन इंटरव्हल (दोन हाकांमधलं अंतर) १०० आहे तसाच राहू द्या. तीनच्या वर जाऊ नका, टीव्हीवर कास्ट करणं आणि प्रिंटर सापडणं अडखळायला लागतं. केबलवाल्याने दिलेल्या कित्येक राउटरमध्ये हा पर्याय दिसतच नाही. तसं असेल तर सोडून द्या, त्यासाठी नवा राउटर घेण्यात अर्थ नाही.

अँड्रॉइडवर आणखी दोन जागा. लोकेशनच्या आत वाय-फाय स्कॅनिंग असतं. वरचं वाय-फायचं बटण बंद असलं तरी हे मागे शोध घेत राहतं, बंद करा. आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये मोबाइल डेटा ऑलवेज अ‍ॅक्टिव्ह. अबाउट फोनमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचक्या मारल्या की हे दालन उघडतं. वाय-फाय तुटताच डेटा क्षणात मिळावा म्हणून तो दुवा चालू ठेवलेला असतो. बंद केलात तर घराबाहेर पडताना नेट दोन-चार सेकंद गप्प राहील, एवढंच. त्या दालनात बाकी कशाला हात लावू नका.

प्रश्न : दोन सिम आहेत. गावी गेलो की एकाची रेंज असते, दुसऱ्यावर ‘नो सर्व्हिस’. याचा बॅटरीशी संबंध?
– एक वाचक, मूळ गाव वेल्हे

उत्तर : आहे, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. रेंज नसलेलं सिम गप्प बसत नाही. एकेक बँड (लहरींचा पट्टा) धुंडाळतं, काही सापडलं नाही की थोडं थांबून पुन्हा सुरू. मुक्काम असेपर्यंत सिम मॅनेजरमधून ते सिम बंद करा, काढून ठेवायची गरज नाही. बँकेचा नंबर त्याच सिमवर असेल तर ओटीपी हवा असताना रेंजमध्ये जाऊन तेवढ्यापुरतं चालू करा.

प्रश्न : कोकण रेल्वेने कुडाळला जाताना फोन रत्नागिरीच्या आधीच मान टाकतो.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : त्या मार्गावर ९१ बोगदे आहेत आणि रत्नागिरीजवळचा करबुडे एकटाच साडेसहा किलोमीटरचा. रेंज जाते, फोन शोधतो, जोडतो, परत जाते. जोडीला धावत्या गाडीतून टॉवर बदलणं आणि डब्याचं लोखंड. गाणी, सिनेमा, नकाशा निघण्याआधी घरच्या वाय-फायवर उतरवून घ्या आणि एअरप्लेन मोड लावा. जीपीएस फक्त ऐकतं, काही पाठवत नाही. त्यामुळे बहुतेक फोनवर एअरप्लेन मोडमध्येही ते चालतं आणि उतरवलेल्या नकाशावर गाडी कुठे आली ते कळतं. घरचे काळजी करतील म्हणून मोठ्या स्टेशनांवर पाच मिनिटं मोड काढायचा.

प्रश्न : ब्लूटूथ, एनएफसी बंद ठेवल्याने किती वाचतं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दिवसभरात नजरेत भरेल इतकंही नाही. घड्याळ जोडलेलं असेल तर ब्लूटूथ चालूच राहू द्या. एनएफसी (फोन टेकवून पैसे देण्यासाठी वगैरे लागणारी सोय) तर विसरून जा.

प्रश्न : फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवतो. दोन तासांत अर्धी बॅटरी जाते आणि फोन भाजतो.
– एक वाचक, परभणी

उत्तर : हॉटस्पॉट चालू असताना फोन स्वतःच राउटर होतो, त्यामुळे त्याच्या वाय-फायला झोप नाही, आणि मोबाइलचा रेडिओही सतत कामावर. लॅपटॉप शेजारी असेल तर केबल लावून यूएसबी टेदरिंग करा. वाय-फायचा भार संपतो, लॅपटॉपकडून थोडं चार्जिंगही मिळतं. केबल चार्जिंगचीच नको, डेटा नेणारी हवी. केबल नसेल तर फोन जाड कव्हरातून काढून खिडकीशी, सावलीत ठेवा. चांगल्या रेंजचा फायदा इथे दुप्पट मिळतो. कोणी जोडलेलं नसताना हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याचा पर्याय चालू करून ठेवा.

प्रश्न : सिग्नल वाढवणारा स्टिकर आणि घरात लावायचा बूस्टर, दोन्ही ऑनलाइन स्वस्तात दिसतात. घ्यावे का?
– दोन वाचक, लातूर आणि म्हापसा

उत्तर : स्टिकर म्हणजे बॅटरीखाली चिकटवायचा चकचकीत कागद, पैसे पाण्यात. बूस्टर खरंच काम करतो, पण परवान्याशिवाय लावणं बेकायदा आहे, कारण तो आसपासच्या टॉवरच्या कामात ढवळाढवळ करतो आणि सगळ्या गल्लीची रेंज बिघडवतो. कंपनीकडे कमी रेंजची लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. तोवर वाय-फाय कॉलिंग आहेच. आणि फोनच्या कव्हरात मॅग्नेटसाठी लोखंडी पत्री घातली असेल तर ती आधी काढून आकडा पुन्हा पाहा.