वाचक विचारतात : पाँपेईचा लाल मुळात लालच होता का?

प्रश्न : नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात पाँपेईची भित्तिचित्रं पाहिली. लाल रंगात कुठे पिवळं, कुठे काळं दिसतं. रंग बिघडला कशाने?

उत्तर : दोन्हींची कारणं वेगळी. लालाची कड सरळ न राहता ढगासारखी पिवळ्यात विरत असेल, तर ती भिंत मुळात पिवळी असण्याची शक्यता मोठी. पिवळ्या कावेच्या कणांत पाणी बांधलेलं असतं. २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते निघून जातं आणि उरतो तो गेरूच. पाँपेई गाडून टाकणाऱ्या इ.स. ७९च्या उद्रेकात व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या तापल्या राखेने आणि वायूंनी हेच केलं. म्हणून ‘पाँपेईचा लाल’ ही ओळख सरसकट खरी धरू नये.

काळेपणा हिंगूळ या दुसऱ्या लाल रंगाचा. गेरू उजेड आणि चुना दोन्ही सोसतो. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड, ते उजेडात आणि क्षारांच्या संगतीत वरून काळवंडतं. महागडा रंग, म्हणून तो श्रीमंतांच्या दालनांतच सापडतो. रोमनांना हा दोष पक्का ठाऊक होता. फाबेरियस नावाच्या लेखनिकाने आव्हेंटाइन टेकडीवरच्या घराच्या ओवऱ्या हिंगुळाने रंगवल्या आणि ३० दिवसांत त्यांवर डाग पडले, असं रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने नोंदवलंय. उपायही त्यानेच दिलाय : भिंत पुरती वाळू द्यायची, शुद्ध केलेलं मेण थोड्या तेलासह वितळवून कुंचल्याने लावायचं, लोखंडी भांड्यातल्या निखाऱ्यांनी शेकून मेणाला घाम फुटू द्यायचा, शेवटी मेणबत्ती आणि स्वच्छ फडक्याने घासायचं. भिंत ओली असताना हे केलं तर पाणी आत कोंडतं.

चित्रभर एकसारखी पिवळट झाक असेल तर मात्र काव समजू नका. १८व्या शतकात उत्खननानंतर रंग खुलावेत म्हणून अनेक तुकड्यांवर वार्निश फासलं गेलं. ते पिवळं पडलं आणि सोलताना रंगाचे पापुद्रेही घेऊन निघालं. हे नुकसान टाळता येण्याजोगं होतं, याची हळहळ वाटते.

प्रश्न : तिथली ‘लक्ष्मी’ आपल्याकडची का?

उत्तर : बहुधा हो. १९३८ साली पाँपेईत मिळालेली ही सुमारे २५ सेंटिमीटरची हस्तिदंती मूर्ती लक्ष्मीपेक्षा यक्षीच्या जवळची आहे. डोक्यातल्या उभ्या भोकावरून ती आरशाची मूठ किंवा आसनाचा पाय असावी. तिच्यासारख्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती मराठवाड्यातल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. तेरची मूर्ती तिथल्याच लामतुरे संग्रहालयात आहे.