मिंधं न करणारं दान

प्रश्न : ताई, मी एसटीत वाहक आहे. थोरल्या मुलीला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बेरिया कॉलेजात प्रवेश मिळालाय. पत्रात शिकवणीच्या फीचा भला मोठा आकडा आहे आणि त्याखाली तेवढीच शिष्यवृत्ती दाखवून शिकवणीचं देणं शून्य केलंय. भावकी म्हणते, फुकट कोण देतं, यात काहीतरी गोम असणार. कॉलेज ख्रिस्ती आहे, मग पोरीला धर्म बदलावा लागेल का? आणि एवढं परक्यांचं घेऊन ती जन्मभर मिंधी तर राहणार नाही ना?
— एक वडील, संगमनेर

उत्तर : भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो माझाही होता.

मी सातवीपासून एका मिशनच्या बोर्डिंगात शिकले. माझा खर्च परदेशातल्या एक बाई करायच्या. दर नाताळाआधी आम्हा मुलींना ओळीत बसवून त्यांना आभाराची पत्रं लिहायला लावत. मजकूर फळ्यावर तयार असायचा, नाव तेवढं आपलं घालायचं. एका वर्षी दात्यांना पाठवायला फोटो काढायचे होते. मी हिरव्या ठिपक्यांचा नवा फ्रॉक घातला होता. आईनं लोकांच्या गोधड्या शिवून साठवलेल्या पैशांतून तो घेतला होता. मला तो काढून जुना घालायला लावलं, कारण नव्यात मी गरजू दिसत नव्हते. त्या बाईंना यातलं काही कळलंही नसेल. त्यांच्याबद्दल आजही माझ्या मनात मायाच आहे. पण पैसा चांगल्या मनानं निघतो आणि वाटेत कुणीतरी त्याला मिंधेपण चिकटवतं, हे मी त्या दिवशी शिकले. पुढे एकतीस वर्षं एका वसतिगृहाचे हिशेब लिहिले आणि देणगीच्या पावत्या फाडल्या. दर पावतीला तो फ्रॉक आठवायचा.

बेरिया मी पाहिलंय. माझी भाची तिथं शिकत होती, तेव्हा 2016 च्या ऑक्टोबरात जाऊन आले. तुम्ही आज जे विचारताय तेच मनात घेऊन गेले होते.

ते विद्यापीठ नाही, पदवीपर्यंतचं निवासी कॉलेज आहे. विद्यार्थी दीड हजाराच्या आसपास. 1892 पासून तिथं शिकवणीची फी घेत नाहीत. म्हणजे तुमच्या मुलीसाठी कुणी खास मेहेरबानी केलेली नाही. तिच्या वर्गातल्या एकाही मुलाच्या घरून शिकवणीचे पैसे येणार नाहीत. ज्यांच्या घरची ऐपत नाही अशांनाच तिथं घेतात, त्यामुळे 'फुकटवाले' आणि 'पैसेवाले' अशा दोन पंगती पडतच नाहीत. मला तिथलं सगळ्यात जास्त हेच आवडलं. आमच्या बोर्डिंगात कुणाचा खर्च कोण करतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

मग पैसे येतात कुठून? मोठा वाटा एका कायम निधीच्या उत्पन्नातून. हा निधी आज एक अब्ज डॉलरच्या वर आहे. मुद्दल राखायचं आणि उत्पन्नातून शाळा चालवायची, असं त्याचं गणित. तो एका कुबेरानं दिलेला नाही. 1920 मध्ये विश्वस्तांनी ठरवलं की कुणी मृत्युपत्रानं पैसे ठेवले आणि ते अमुकच कामाला वापरा अशी अट घातली नसेल, तर ते खर्चायचे नाहीत, सगळे निधीत टाकायचे. हिशेब लिहिणारी बाई म्हणून सांगते, हे लिहायला सोपं आणि पाळायला महाकठीण असतं. छप्पर गळत असतं, पगार थकलेले असतात, समोर आयता पैसा दिसत असतो. तो हात न लावता ठेवायचा आणि पुढच्या विश्वस्तांनीही तसाच ठेवायचा! शंभर वर्षांमागे मेलेल्या कुणा अनोळखी माणसाचे थोडेसे डॉलर आज तुमच्या मुलीच्या वर्गातला दिवा लावतायत. ती कुणापुढे वाकणार? देणारा समोर उभाच नाही. शिवाय दरवर्षी लहानमोठ्या देणग्या येत राहतात, माजी विद्यार्थीही देतात, आणि सरकारी शिष्यवृत्त्यांचा काही भाग असतो.

या निधीवर एकदा बालंटही आलं होतं. 2017 च्या अमेरिकन करकायद्यात श्रीमंत कॉलेजांच्या निधीच्या उत्पन्नावर 1.4 टक्के कर बसला आणि त्यात बेरियाही सापडत होतं. भाची तेव्हा रोज फोनवर तेच बोलायची. 2018 च्या सुरुवातीला दुरुस्ती झाली: फी भरणारे किमान पाचशे विद्यार्थी असतील तरच कर. बेरियात तसे विद्यार्थीच नाहीत, म्हणून ते सुटलं.

आता 'फुकट'बद्दल. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावं लागतं, त्यातून कुणालाही सुटका नाही. भाचीला पहिल्या वर्षी भोजनगृहात पहाटेची पाळी होती, पुढे ती हातमागावर गेली. मुलं झाडू बांधतात, लाकूडकाम करतात, शेतावर राबतात, ग्रंथालयात बसतात, कार्यालयं सांभाळतात. कामाचा मोबदला मिळतो. तो फार नसतो, पण राहण्याजेवणाला आणि हातखर्चाला लागतो. कॉलेजचं स्वतःचं हॉटेल आहे, बून टॅव्हर्न, 1909 मध्ये सुरू झालेलं. तिथं मला मक्याच्या पिठाचा, चमच्यानंच वाढावा लागतो इतका लुसलुशीत पाव वाढणारा मुलगा रसायनशास्त्र शिकत होता. त्याच्या वागण्यात ना लाज होती ना लाचारी. मला आपले कर्मवीर भाऊराव आठवले. 'कमवा आणि शिका' हे आपल्याकडे साताऱ्याच्या मातीत रुजलेलंच आहे की. वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, आणि तीच मुलं दुसरीकडे स्वतः राबत होती. देणाऱ्याचा त्याग आणि घेणाऱ्याचे कष्ट एकाच ताटात आले की मिंधेपणाला जागा उरत नाही.

धर्माचं सांगते. मी स्वतः ख्रिस्ती आहे, तेव्हा माझं बोलणं थोडं पारखून घ्या. कॉलेज स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतं, पण कुठल्या एका पंथाच्या ताब्यात नाही. सगळ्या धर्मांची आणि कुठलाच धर्म न मानणारी मुलंही तिथं शिकतात. धर्म बदलायची अट नाही. भाचीच्या वेळी ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारा एक विषय अभ्यासक्रमात होता. तसा असला तर मुलीनं तो इतिहासासारखा अभ्यासावा. बेरिया हे नाव बायबलातल्या गावाचं, मराठी बायबलात त्याला 'बिरुया' म्हटलंय. देवानं पृथ्वीवरची सगळी माणसं एकाच रक्ताची घडवली, हे त्यांचं ब्रीद.

या ब्रीदाची किंमत त्यांनी मोजलीय. संस्थापक जॉन फी गुलामगिरीच्या विरोधात बोलायचे, म्हणून गुलाम बाळगणाऱ्या त्यांच्या वडिलांनी त्यांना दूर केलं. 1855 मध्ये शाळा सुरू झाली. जमीन कॅशियस क्ले या पुढाऱ्यानं दिली होती. 1859 च्या अखेरीस गुलामगिरीवाल्यांनी जॉन फी आणि त्यांच्या साथीदारांना राज्यातून हाकललं. यादवी युद्धानंतर ते परतले आणि काळी नि गोरी मुलंमुली एका बाकावर बसू लागली. 1904 मध्ये केंटकीनं असं एकत्र शिकवणं गुन्हा ठरवला. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं आणि 1908 मध्ये हरलं. तेव्हा काळ्या विद्यार्थ्यांसाठी लिंकन इन्स्टिट्यूट ही वेगळी शाळा काढायला पैसा उभा केला. त्यात उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींचाही होता. 1912 मध्ये ती उघडली. 1950 मध्ये कायदा सैल झाल्यावर बेरियानं दारं पुन्हा उघडली. कार्टर वुडसन हे कोळशाच्या खाणीत काम केलेले गृहस्थ 1903 मध्ये, म्हणजे दार बंद व्हायच्या जेमतेम एक वर्ष आधी, तिथून पदवी घेऊन गेले. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात ना, त्याचं मूळ वुडसननी 1926 मध्ये सुरू केलेल्या सप्ताहात आहे.

अभ्यासाबाहेरच्या आयुष्यालाही हाच पैसा पुरतो. मी तिथं असताना 'माउंटन डे' आला. ऑक्टोबरात एक दिवस वर्ग बंद ठेवून सगळे डोंगरावर जातात, 1875 पासूनची रीत आहे. पहाटे अंधारात बॅटऱ्या घेऊन आम्ही चढलो. माझे गुडघे बोलत होते, पण भाचीनं हात सोडला नाही. वर सूर्य उगवला तेव्हा सगळं रान तांबूस-पिवळं झालं होतं आणि मुलं गात होती. तो डोंगर कॉलेजच्याच रानात आहे. परत आल्यावर भाचीनं मला फेल्प्स स्टोक्स चॅपल दाखवलं. ऑलिव्हिया फेल्प्स स्टोक्स या बाईंच्या देणगीतून, पण विद्यार्थ्यांच्या हातांनी 1906 मध्ये उभं राहिलेलं. दात्याचं नाव दारावर आहे आणि भिंती मुलांच्या आहेत.

आता व्यवहाराचं. पत्र खरं आहे का ते कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर तुम्ही स्वतः लिहून विचारा, मधल्या दलालाकडून नको. शिकवणीच्या नावानं कुणी पैसे मागितले तर ते बेरियाचे नव्हेत. विमानभाडं, व्हिसाची फी आणि पत्रात सुरुवातीला भरायची म्हणून लिहिलेली रक्कम मात्र तुम्हाला उभी करावी लागेल. पुढच्या वर्षांत राहण्याजेवणातला तिचा वाटा किती, तेही आत्ताच लेखी विचारून ठेवा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम चालतं, त्यामुळे कामाची अट कायद्यात बसते. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करायचं नाही, हे तिला निक्षून सांगा.

आणि जाण्याआधी तिला पहाटे पाचला उठून चाळीस माणसांची भांडी घासायची सवय लावा. भाचीचे पहिले दोन महिने रडण्यात गेले होते.

प्रश्न : आमच्या बॅचनं जुन्या वसतिगृहासाठी तीन लाख रुपये जमवलेत. काहींना नावाची कमान हवी, काहींना वाटतं गरीब मुलांना दत्तक घ्यावं. काय करावं?
— माजी विद्यार्थी, श्रीरामपूर

उत्तर : कमान नको. त्या पैशात काय होतं ते मी पावत्यांतून पाहिलंय: वर्षभरात रंग उडतो आणि पुढचा रंग द्यायला संस्थेकडे पैसे नसतात. एकेका मुलाला नावानं दत्तक घेणंही टाळा, माझ्या फ्रॉकची गोष्ट वर वाचलीच असेल.

आधी जाऊन अधीक्षकांबरोबर मेसमध्ये जेवा. मग विचारा, कशासाठी कुणीच पैसे देत नाही? इमारतीला दाते मिळतात. पण परीक्षेच्या काळातलं दूध, आजारी मुलीला रिक्षानं दवाखान्यात न्यायचं भाडं, दिवाळीला घर नसलेल्या मुलांचं जेवण, बंद पडलेला पाण्याचा हीटर, यांना कुणी विचारत नाही. आमच्याकडे एका शिक्षकानं दरमहा पाचशे रुपये 'ज्याला लागेल त्याला, नाव न सांगता' म्हणून दिले. एकोणीस वर्षं दिले. माझ्या वहीत सगळ्यात जास्त पोरं त्या पाचशेंवर तरलेली आहेत.

तुमचे दोन लाख कायम निधीत ठेवा आणि एक लाख असा मोकळा द्या. निधी म्हणून दिलेत तर तसं पत्रात स्पष्ट लिहा, नाहीतर ते चालू खर्चात जातात. धनादेशानं किंवा ऑनलाइन द्या: दोन हजारांच्या वर रोख दिलं तर देणगीवरची प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, आणि जुनी करपद्धत निवडलेल्यांनाच ती मिळते. संस्थेची नोंदणी चालू आहे ना, ते आधी बघा.

देवळातल्या पेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेची बायबलातली गोष्ट आम्ही लहानपणी चर्चमध्ये दर हंगामाच्या सणाला ऐकायचो. तुमच्यापैकी कुणाला पाचशेच जमत असतील तर त्याचं नाव यादीत खाली टाकू नका. याद्या आडनावाच्या अक्षरानुसार लावा.

प्रश्न : मला एका ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली. आभाराच्या पत्रात काय लिहू?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : बाळ, 'आपले उपकार जन्मभर विसरणार नाही' हे लिहू नकोस. या आठवड्यात काय शिकलीस ते लिही. कुठला प्रयोग फसला, कुठलं पुस्तक परवडत नव्हतं ते आता हातात आहे, मैत्रिणीला काय समजावून दिलंस, ते सगळं.

दहावीत असताना मी एकदाच फळ्यावरचा मजकूर सोडून लिहिलं. आमच्या विहिरीजवळच्या चिंचेबद्दल लिहिलं, तिच्यावर चढून मी भूमितीची प्रमेयं पाठ करायचे. एका शिक्षिकेनं ते गुपचूप इंग्रजीत करून पाठवलं. चार महिन्यांनी माझा खर्च करणाऱ्या त्या परदेशातल्या बाईंचं उत्तर आलं. आधीच्या तीन वर्षांत आलं नव्हतं. त्यांनी त्यांच्या दारातल्या मेपलबद्दल लिहिलं होतं, आणि पाकिटात त्याचं एक लाल पान होतं.